हळदीकुंकवाची मतदार यादी

हळदीकुंकवाची युक्ती माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं दोष कुणावर ढकलायची सोय उरणार नाही.

सदतीस सालच्या निवडणुकीआधीच्या श्रावणातली गोष्ट. आम्ही तेव्हा बेळगावात टिळकवाडीत राहत होतो. यजमान हायस्कुलात मास्तर. मी मूळची निपाणीची. वडील तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, आणि दिवाणजीच्या घरात कागदाला मान, म्हणून मुलगी असूनही मला सातवीपर्यंत शिकवलं. सातवी पास बाई म्हणजे आमच्या शेतकरी घरांत शिंगं फुटलेली बाई. ती शिंगं घेऊन मी टिळकवाडीच्या महिला मंडळात शिरले. मंडळात आम्ही जेमतेम दहाबारा जणी. अध्यक्षीणबाई एका डॉक्टरांच्या पत्नी. बायकांना मत असावं म्हणून त्यांनी तरुणपणापासून दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या, आणि त्यापायी सासऱ्यांची बोलणीही पोटभर खाल्ली होती. त्यांच्याबद्दल मी पुढं काही वाकडं लिहिलं, तरी एवढं ध्यानात ठेवावं.

हक्क मिळाला होता, पण अर्धामुर्धा. नव्या कायद्यानं पुष्कळ बायका मताला पात्र झाल्या होत्या. जिला लिहितावाचता येतं ती, जिचा नवरा ठरावीक सारा किंवा पट्टी भरतो ती, शिवाय आणखी एकदोन प्रकारच्या. पण नुसतं पात्र असून भागत नव्हतं. पुरुषांची नावं दप्तरातून आपोआप यादीत जायची. बाईनं मात्र आपण होऊन अर्ज करायचा, तरच तिचं नाव लागायचं. आता मामलेदार कचेरीत अर्ज देणारी बाई आणायची कुठून? घरोघर जावं तर दारात सासरा बसलेला. एका वकिलांनी तर मला उंबऱ्यावरूनच सांगितलं, "आमच्या घरात मतं आहेत. तुम्ही नका काळजी करू."

मला राग लवकर येतो, आणि रागात युक्त्याही लवकर सुचतात. मी मंडळात म्हटलं, बाईला कुठंही जायला बंदी असेल, हळदीकुंकवाला नसते. श्रावणातले शुक्रवार तोंडावर आलेत. दर शुक्रवारी एकेका घरी हळदीकुंकू ठेवू. बोलावणी लांबपर्यंत धाडू. दूध-फुटाणे झाले की कायद्याचा कागद वाचून दाखवायचा आणि अर्ज तिथंच भरून घ्यायचे. सही नाहीतर अंगठा. गठ्ठा आपण कचेरीत पोचता करू. अध्यक्षीणबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी आठवडाभर जमिनीच्या वर चालत होते.

युक्ती लागू पडली. कॅम्पातल्या, गावातल्या, मराठी बोलणाऱ्या, कानडी बोलणाऱ्या अशा सगळ्या बायका यायला लागल्या. अडचण यायची ती एकाच रकान्याशी. अर्जात नवऱ्याचं नाव लागे, आणि नवऱ्याचं नाव घेणार कोण? मग एकीचं नाव दुसरीनं सांगायचं, दुसरीचं तिसरीनं. एका नव्या नवरीनं चांगला लांबलचक उखाणा घेतला आणि शेवटी नाव घेऊन पदरात तोंड लपवलं. मी गंभीर चेहऱ्यानं त्यातलं नाव तेवढं उतरवून घेतलं. हसायला भरपूर व्हायचं, पण अर्जही भरपूर व्हायचे.

तिसऱ्या शुक्रवारी हळदीकुंकू आमच्या घरी होतं. आता आक्कांबद्दल सांगायला हवं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं मूळ घर हिंडलग्याचं, शेतकऱ्याचं. थोरले दीर बेळगावच्या पलटणीत भरती झाले, पहिल्या लढाईत बसऱ्याकडं गेले आणि तिकडंच कामी आले. आक्का तेव्हा विशीच्याही नव्हत्या, पोटी मूल नव्हतं. धाकट्या दिराला शिकवून मास्तर करायचं हे त्यांनीच मनावर घेतलं. तो मास्तर झाला, टिळकवाडीत बिऱ्हाड केलं, ते आक्कांनीच थाटलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ओवाळून आत घ्यायला शेजारीण बोलावली होती. ज्या घराचं भांडंन् भांडं आक्कांनी जोडलं होतं, त्या घरात शिरताना मला त्या दिसल्या त्या स्वयंपाकघराच्या दारातून, नुसतं अर्धं तोंड. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. मी मंडळात मिरवू शकले ती त्यांच्या जिवावर, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आमच्या घरी कधीही हळदीकुंकू असलं की आक्का पहाटेपासून दूध आटवायच्या, जायफळ किसायच्या, बैठकीवर सतरंजी घालायच्या. पहिली बाई फाटकाशी दिसली की मुलांना घेऊन मागच्या परड्यात जायच्या. त्यांना कुणी जा म्हणत नसे. तशी वेळच त्या कुणावर आणत नसत. बायका जायच्या तेव्हा आत येऊन पेले घासायला बसायच्या.

त्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणं, मागच्या परड्यापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात कागद वाचला. लिहितावाचता येणारी, सारा भरणाऱ्याची बायको, लष्करातल्या शिपायाची पेन्शन मिळणारी विधवा किंवा आई, वगैरे वगैरे. मग अर्ज भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते आणि आक्का तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबवून त्यांनी विचारलं, "काल त्या कागदात शिपायाची बायकू म्हनालीस. पेन्शनवाली. ती कोन गं?"

मी मास्तरणीच्या थाटात सांगायला लागले, "लढाईत मेलेल्या शिपायाची विधवा, जिला सरकारातनं पेन्शन..."

"म्हंजे मी?" आक्का म्हणाल्या.

"व्हय आक्का. तुम्ही."

"आनि दर शुक्रवारी वाचतीस की तू त्ये."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत होता हे मला माहीतच होतं. दर महिन्याला आक्का पदर घट्ट खोचून पेन्शनीसाठी कॅम्पातल्या कचेरीत चालत जायच्या, हे मी चौदा वर्षं बघत होते. तरी ती ओळ वाचताना एकदाही आक्का मनात आल्या नव्हत्या, घरी वाचतानाही मान वळवून आतल्या दाराकडं पाहावंसं मला वाटलं नव्हतं. हळदीकुंकवाला बसून मी सवाष्णींची यादी करत होते आणि तिला बायकांची यादी म्हणत होते.

अर्ज तिथंच काढला. नवऱ्याच्या नावाच्या रकान्याशी मी सवयीनं थांबले आणि म्हटलं, "मीच लिहिते भावजींचं नाव."

"का? मी सांगते की," आक्का म्हणाल्या. मग त्यांनी ताठ बसून आधी नंबर सांगितला, मग हुद्दा, मग पलटण, आणि मग नाव. खडाखडा, एका दमात. मी बघतच राहिले. "पेन्शनीला दर म्हैन्याला सांगावं लागतंय," त्या म्हणाल्या. "सायबाफुडं उखाना घालू व्हय?"

त्यांच्या स्वतःच्या नावाशी मात्र मी अडले. चौदा वर्षांत मला ते कधी लागलंच नव्हतं. विचारलं तेव्हा त्याही जरा थांबल्या, आणि पेन्शनीच्या कागदावर होतं ते सांगितलं. अंगठा उठवल्यावर बोटाची शाई पदराला न पुसता तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "मत द्याया जायचं कसं? एकल्यानं?"

"एकल्यानं कशाला? सगळ्या मिळून जायचं ठरलंय. आपल्याच घरातनं निघायचं."

"मी बी तुमच्यासंगं?"

"व्हय तर."

आक्कांनी सूप परत हातात घेतलं. "मला मतातलं काय कळत न्हाय, खरं सांगते. कोन निवडून आलं काय आनि पडलं काय. पन बायकांच्या घोळक्यातनं रस्त्यानं चालून लई वरसं झाली गं. लगीन हून आलते तवा जत्रंला गेलतो सगळ्याजणी. त्येवढं एकदा जायाचं हाय."

मी म्हटलं, मी तुम्हाला नेणार. शब्द दिला. माझ्या तोंडून शब्द फार पटकन जातो.

यादी बंद व्हायला पंधराच दिवस उरले होते. मी अध्यक्षीणबाईंकडं धावले आणि म्हटलं, हिंडलग्याला आणि आसपास पलटणीतल्या कितीतरी विधवा आहेत, पुढच्या शुक्रवारी त्यांना बोलावू. अध्यक्षीणबाईंचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या. "अगं, मला त्यात काही वाटणार नाही," त्या म्हणाल्या, "पण हळदीकुंकवाला विधवा बसवल्या असं गावात झालं, की त्यानंतरच्या शुक्रवारी एक सासू सून पाठवायची नाही. मग आपण केलेलं सगळं पाण्यात. त्यांचे अर्ज तू वेगळे घे ना. काम होण्याशी मतलब." हिशेब बरोबर होता. तो बरोबर होता म्हणूनच मला त्यांचा इतका राग आला.

मग मी आणि आक्का हिंडलग्याला चालत गेलो. वाट आक्कांना पाठ होती, बायकाही. पेन्शनीच्या दिवशी एका रांगेत तासन्‌तास बसणाऱ्या त्या, एकमेकींची घरं, दुखणी, म्हशी, सगळं त्यांना ठाऊक. एका गोठ्यात आम्ही बसलो. सात जणी जमल्या. त्यात एक शिपायाची आई होती, फार थकलेली. मी कागद काढून भाषण सुरू केलं तर सगळ्या माझ्या कपाळाकडं बघत होत्या, तोंडाकडं नाही. शेवटी एकीनं आक्कांना विचारलं, "ह्यावर अंगठा दिला म्हंजे पेन्शन बंद करत्याल न्हवं?"

"मी दिलाय," आक्का म्हणाल्या. "झाली बंद तर माझी आधी हुईल."

एवढं झाल्यावर सातही अंगठे उठले. माझ्या भाषणाची कुणाला गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी ते अर्ज मी कचेरीत स्वतः देऊन आले, आणि यादी लागली तेव्हा आठही नावं तिच्यात होती. आक्कांचं नाव मी बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी यजमानांना बोलावून परत एकदा वाचायला लावलं. नंतर बरेच दिवस घरात मी काही चांगलं केल्यासारखी वावरत होते.

निवडणूक माघात आली. सकाळी आठापासून बायका आमच्याकडं जमायला लागल्या. ठेवणीतली लुगडी, नथी, हिरव्या बांगड्या. आठवड्यापूर्वीच ठरलं होतं की पन्नासभर बायकांनी एकत्र रस्त्यानं जायचं, म्हणजे ज्या घरात बसल्यात त्याही बाहेर येतील. अध्यक्षीणबाई आल्या त्या हातात करंडा घेऊन. "इतक्या वर्षांनी आलेला दिवस. प्रत्येकीला कुंकू लावून निघू," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मी स्वतःच हळद लावत पुढं होते आणि त्या मागून कुंकू लावत होत्या, आणि बैठकीत बघता बघता श्रावणातला शुक्रवार भरला.

तेवढ्यात मला आतल्या दारात आक्का दिसल्या. घडीचं पांढरं लुगडं नेसलेल्या, पायात वहाणा. आमच्याकडं घरात कुणी वहाणा घालत नाही. त्या निघायच्या तयारीनंच उभ्या होत्या. पण करंडा बघून उंबऱ्याच्या आतच थांबल्या होत्या.

माझ्या शेजारच्या बाईचीही नजर तिकडं गेली आणि चटकन खाली वळली. चांगल्या कामाला निघताना विधवा आडवी येऊ नये, हे त्या खोलीत कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, माझ्यासकट सगळ्यांना ते पाठ होतं. मी दारापाशी गेले. हळू आवाजात म्हटलं, "आक्का, चला." मुद्दाम हळू म्हटलं का, असं कुणी विचारलं तर हो. मोठ्यानं म्हटलं असतं तर सगळ्यांनी ऐकलं असतं, आणि मग त्यांना घेऊन जावंच लागलं असतं.

आक्कांनी माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. "तुमी व्हा म्होरं," त्या म्हणाल्या. "मी येते मागनं."

आमच्यात पहिल्या बोलावण्याला हो म्हणत नाहीत. नको म्हणायचं, मग बोलावणारीनं आग्रह करायचा, दोनदा, तीनदा, हात धरून ओढायचं, तेव्हा उठायचं. जेवायला वाढतानासुद्धा असंच. हे काय मला माहीत नव्हतं? मला त्या क्षणी हायसं वाटलं, हे खरं आहे, आणि या लिखाणात खरं लिहायचं असं मी ठरवलंय. त्यांनीच नको म्हटलं, प्रश्न मिटला, असं मी मनाशी म्हटलं. करंडा अध्यक्षीणबाईंच्या हातून घेऊन शेल्फावर ठेवला आणि आम्ही निघालो.

रस्त्यानं लोक बाजूला होऊन बघत होते. काही हसत होते, काहींनी हात जोडले. मी पुढं होते. शाळेत मतदानाची व्यवस्था होती, बायकांची रांग वेगळी. आत गेले, नाव सांगितलं, चिठ्ठी घेतली, पेटीत टाकली. एवढ्यासाठी लोकांनी आयुष्यं घालवली होती आणि ते एका मिनिटात झालं. बाहेर अध्यक्षीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते. मला रडू आलं नाही. मी सारखी फाटकाकडं बघत होते.

मंडळाच्या वतीनं मला दिवसभर तिथं थांबायचं होतं. बारा वाजून गेले. ऊन चढलं, आमच्या बायका दोघी-दोघी, चौघी-चौघी करत घरी गेल्या. तेव्हा मला दिसलं की शाळेच्या मागच्या अंगाला, कुंपणापलीकडच्या चिंचेखाली काही बायका बसल्यात. पांढरी लुगडी. कधीपासून बसल्या होत्या कोण जाणे. मी सोडून आवारातली शेवटची सवाष्ण बाहेर पडल्यावर त्या उठल्या आणि मागच्या वाटेनं, एकीमागं एक, खाली मान घालून आत आल्या. पुढं आक्का होत्या. आम्ही निघाल्यावर त्या मुलांना वाढून, झाकपाक करून, एकट्या हिंडलग्याला चालत गेल्या होत्या आणि सातही जणींना घेऊन आल्या होत्या. ती म्हातारी आईसुद्धा, दोघींच्या आधारानं. बाहेर त्या बसून राहिल्या त्या आपलं तोंड कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून.

टेबलाशी कारकून धारवाडकडचा होता. त्यानं कानडीत नाव विचारलं. आक्का ताठ झाल्या. नंबर, हुद्दा, पलटण, भावजींचं नाव, आणि "बरकोरी," म्हणजे लिहून घ्या, असं त्याला वर सांगितलं. कारकून गडबडला. मराठीत म्हणाला, "बाई, नंबर नको. तुमचं नाव सांगा." मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. भिंतीशी उभी राहून मी ते दुसऱ्यांदा ऐकलं.

मत देऊन आक्का बाहेर आल्या तेव्हा मी पुढं झाले. काय बोलणार होते कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "धाकट्याला जरा कणकण हाय. तू सांच्याला लवकर ये." आणि त्या सात जणींना घेऊन आल्या वाटेनं निघून गेल्या.

संध्याकाळी मी घरी पोचले. धाकटा बरा होता, खेळत होता. आक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या, अंगावर रोजचं लुगडं. मी पाटावर बसले. कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं, ते पुसायचंही मला सुचलं नव्हतं. चोरानंच आधी बोंब मारावी तसं मी त्यांनाच विचारलं, "आक्का, आमच्यासंगं का आला न्हाईसा?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. पाणी फिरवलं. "दारापतोर आलते की मी," त्या म्हणाल्या. "तुमी निघालासा तवा बाहेरच्या उंबऱ्यात येऊन हुबी ऱ्हायलते. म्हटलं, आत बायका हुत्या, तुला अवघड झालं असंल. फाटकातनं वळताना बघंल मागं. हाक मारंल. एवडं लांब गेलीसा, कोपऱ्यापतोर. तितवर हुबी हुते."

मी ताट पुढं ओढलं.

"तू चांगली हाईस गं," त्या म्हणाल्या, आणि भाकरी माझ्या ताटात टाकली. "पन मागं बघितलं न्हाईस."

मी बघितलं नव्हतं. फाटकाशी वळताना मान वळायला लागली होती आणि मी ती वळू दिली नाही, कारण त्या तिथं उभ्या असणार हे मला माहीत होतं. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. त्यानंतर आक्का पाच वर्षं होत्या, माझ्याच हातचं पाणी घेऊन गेल्या, आणि तेव्हाही सांगितलं नाही.